अपडेट अडकलं, संगणक रेंगाळला: कुठून सुरुवात करायची

एका रात्री काम आटोपून लॅपटॉप बंद करायला गेलो, तर पडद्यावर अपडेट सुरू झालेलं. ३० टक्के. चाळीस मिनिटं झाली तरी आकडा जागचा हलेना. मी वैतागून पॉवरचं बटण दाबून धरलं. पुढचे दोन दिवस तो लॅपटॉप सुरू व्हायचा, गोल फिरणारे ठिपके दाखवायचा आणि परत बंद पडायचा. अपडेट तेव्हा अडकलं नव्हतंच, हे नंतर कळलं. कडेला डिस्कचा बारीक दिवा लुकलुकत होता, म्हणजे आत काम चालू होतं. मी फक्त टक्क्यांकडे बघत बसलो होतो.

तेव्हापासून स्वतःची आणि ओळखीतल्यांची बरीच यंत्रं सरळ केली. त्यातून हाताशी आलेला क्रम इथे देतोय. सगळं विंडोजबद्दल आहे. क्रम मोडू नका, कारण घोळ होतात ते बहुतेक पाचवी पायरी आधी केल्यामुळे.

हाताशी काय हवं

- महत्त्वाच्या फायलींची प्रत ठेवलेली बाहेरची डिस्क.
- किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह. शेवटच्या उपायाला लागतो.
- अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड.
- बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की. डिस्क एन्क्रिप्ट आहे हे अनेकांना माहीतच नसतं, नव्या लॅपटॉपवर ती आपोआप झालेली असते. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली सापडेल. ती आत्ताच कागदावर उतरवून घ्या, यंत्र बंद पडल्यावर शोधाशोध नको.
- लॅपटॉप असेल तर चार्जर, लावलेला.
- कागद आणि पेन. काय बदललं आणि कधी, ते लिहायला. एका वेळी एकच बदल करायचा. चार गोष्टी एकदम केल्या की कशानं बरं झालं ते कळत नाही, आणि कशानं बिघडलं तेही नाही.

प्रत काढून ठेवा म्हटलं की लोकांना ते नेहमीचं पालुपद वाटतं. पण ऑक्टोबर २०१८ मधलं विंडोज १० चं मोठं अपडेट काही जणांच्या फायली उडाल्यामुळे मायक्रोसॉफ्टला मध्येच थांबवावं लागलं होतं.

१. आधी तुमची विंडोज कोणती ते बघा

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत विनव्हर (winver) टाइप करा, एंटर. आवृत्ती समोर येईल.

तिथे विंडोज १० दिसलं तर हे ध्यानात घ्या: त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर नवी सुरक्षा अपडेट येणार नाहीत. हा बिघाड नाही, त्यामागे दुरुस्तीत वेळ घालवू नका. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. टीपीएम नाही असा संदेश आला तरी निराश होऊ नका. बऱ्याच यंत्रांत ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं.

२. रिस्टार्ट करा. शटडाउन नव्हे

हे वाचून हसू येईल, पण इथेच निम्मी प्रकरणं मिटतात. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होतच नाही. त्याची स्थिती डिस्कवर उतरवून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. यंत्र लवकर सुरू होतं खरं, पण कालची घाणही सोबत येते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून नव्यानं उभं राहतं.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली अपटाइम वाचा. 'मी रोज रात्री बंद करते' असं ठामपणे सांगणाऱ्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर तिथे तेवीस दिवस दिसत होते. ती खोटं बोलत नव्हती.

३. वाट बघा, पण किती?

दर महिन्याचं मुख्य सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं, अमेरिकेच्या वेळेनुसार. ते लहान असतं. वर्षातून येणारं मोठं आवृत्ती-अपडेट जुन्या फिरत्या डिस्कवर तासन्‌तास घेऊ शकतं. टक्क्यांचा आकडा सरळ चालत नाही. तो ३० वर बसतो, मग एकदम ७० वर उडी मारतो.

बटणाला हात लावण्याआधी बघायचं ते असं: डिस्कचा दिवा लुकलुकतोय का, पंखा चढतोय-उतरतोय का, कान लावला तर फिरत्या डिस्कची कुरकुर ऐकू येते का. हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर दिवाच नसतो, तिथे पंख्यावर भिस्त. यातलं काहीही चालू असेल तर चहा टाका. एसएसडीवर (आत काहीच न फिरणाऱ्या नव्या डिस्कवर) दोन तास आणि फिरत्या डिस्कवर चार-पाच तास काहीच हालचाल नसेल, तरच बटण दाबून धरून बंद करा. हे माझे अंदाज आहेत, नियम नव्हेत.

अपडेट संपल्यावरही यंत्र दिवसभर जड वाटू शकतं. मागे शोधसूची नव्यानं बनत असते, अँटिव्हायरस नव्या फायली तपासत असतो. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर पुढे बघू.

४. अपडेट उतरत नाही किंवा लागत नाही

आधी जागा बघा. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळे हवेत. ८००७००७० ने संपणारा एरर कोड आला तर जागाच संपली आहे, दुसरं काही शोधू नका. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स या वाटेनं जा. या यादीत दोन सापळे आहेत. एक, डाउनलोड्स नावाचा चौकोन: त्यावर टिक केली की डाउनलोड्स फोल्डरमधलं सगळं जातं, तुमच्या पावत्या आणि प्रमाणपत्रांसकट. दोन, आधीच्या विंडोजच्या फायली: त्या काढल्या तर बरीच जागा सुटते, पण जुन्या आवृत्तीकडे परतायची वाटही बंद होते.

मग घड्याळ. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर पंधरा दिवस प्रत्येक अपडेट पडत होतं. वर्णनात कधी कनेक्शन नाही, कधी सर्व्हर मिळत नाही. मी राउटर बदलून पाहिला, फायरवॉल बंद करून पाहिली. शेवटी उजव्या कोपऱ्यात नजर गेली तर यंत्राच्या मते साल २०१५ चालू होतं. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्रं ग्राह्य धरली जात नाहीत, मग सर्व्हरशी बोलणंच होत नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल मेला होता. सेल बदलला, तारीख लावली, अपडेट गपगुमान उतरलं. तुमचं घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर आधी तो सेल बघा.

जोडणीचंही एकदा तपासा. वायफायच्या गुणधर्मांत मीटर्ड कनेक्शन (डेटा जपून वापरायची सेटिंग) चालू असेल तर विंडोज बरीचशी अपडेट स्वतःहून उतरवत नाही. व्हीपीएन असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. प्रिंटर, बाहेरच्या डिस्का, जादाचे यूएसबी काढून ठेवा. मोठं अपडेट त्यांच्यावरूनही अडतं.

एवढ्यावर भागलं नाही तर सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटमध्ये जाऊन विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवा. तो फार हुशार नाही, पण निरुपद्रवी आहे.

त्यानंतर उतरलेल्या अर्धवट फायली झाडून टाकायच्या:

- शोधात सर्व्हिसेस टाइप करून ते उघडा. विंडोज अपडेट आणि बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस या दोन्हींवर उजवी क्लिक करून स्टॉप करा.
- सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्युशन आणि त्याच्या आत डाउनलोड नावाचा फोल्डर आहे. त्या आतल्या फोल्डरातला मजकूर पुसा. फोल्डर तसाच राहू द्या.
- 'फाइल वापरात आहे' असं आलं तर सर्व्हिस पुन्हा सुरू झाली आहे. परत थांबवा.
- दोन्ही सर्व्हिस सुरू करा, रिस्टार्ट करा, अपडेट पुन्हा शोधा.

तरीही पडतंय? मग विंडोजच्या स्वतःच्या फायली खराब झाल्या असण्याची शक्यता आहे. टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आज्ञा दोन आहेत, दोन्ही इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. पहिली: डीआयएसएम, मग जागा, तिरकी रेघ आणि लगेच ऑनलाइन, जागा, तिरकी रेघ आणि क्लीनअप-इमेज, जागा, तिरकी रेघ आणि रिस्टोअरहेल्थ. दुसरी: एसएफसी, जागा, तिरकी रेघ आणि स्कॅननाऊ. तिरकी रेघ प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. क्रम हाच ठेवा. एसएफसी खराब फाइल बदलायला शेजारच्या साठ्यातून चांगली प्रत उचलतं, आणि तो साठाच खराब असेल तर बदलणार काय? साठा दुरुस्त करतं ते डीआयएसएम. ते मध्येच एका आकड्यावर बराच वेळ थांबतं, खिडकी बंद करू नका.

एरर कोड आला तर त्याचे शेवटचे आठ आकडे-अक्षरं जसंच्या तसं लिहून घ्या. 'काहीतरी लाल आलं' एवढ्यावरून कुणालाच मदत करता येत नाही.

५. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर

आवाज गेला, प्रिंटर दिसेना, पडदा लुकलुकतोय. कालपर्यंत ठीक होतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटची हिस्टरी उघडा आणि काय कधी लागलं ते बघा. प्रत्येकाला केबी आणि पुढे सात आकडी क्रमांक असतो, तो कागदावर घ्या. खाली अनइन्स्टॉल अपडेट्स आहे, तिथून ते एक काढता येतं. मग काही दिवस पॉज लावा, विंडोज ११ मध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत लावता येतं. नाहीतर रात्री तेच अपडेट परत येऊन बसेल.

एकच उपकरण रुसलं असेल तर बहुधा दोष ड्रायव्हरचा, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाचे गुणधर्म, ड्रायव्हर, रोल बॅक. बटण राखाडी दिसलं तर मागचा ड्रायव्हर साठवलेला नाही. तो यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या.

मोठ्या आवृत्तीनंतर परत फिरायचं असेल तर साधारण १० दिवस हातात असतात, सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत गो बॅक. मुदत संपली की जुन्या फायली आपोआप पुसल्या जातात.

आणि विंडोज सुरूच होत नसेल? वर सांगितल्याच्या अगदी उलट आता सांगतोय: यंत्र सुरू करा, ठिपके फिरायला लागले की बटण दाबून धरून बंद करा, असं सलग दोन-तीनदा. पुढच्या वेळी विंडोज दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जातं. अपडेट चालू असल्याचे टक्के दिसत असताना मात्र हे करायचं नाही. यंत्र सुरू होत असेल तर शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्ट केलं तरी हाच पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स. मी या क्रमानं जातो: स्टार्टअप रिपेअर, मग अनइन्स्टॉल अपडेट्समधून शेवटचं क्वालिटी अपडेट (दर महिन्याचं), मग सिस्टम रिस्टोअर (विंडोजला आधीच्या स्थितीकडे नेणारं). इथेच बिटलॉकरची की विचारली जाते, म्हणून सुरुवातीला तो कागद.

६. संगणक रेंगाळतोय: आधी मोजा

लोक इथे तडक 'फॉरमॅट मारून टाक' वर येतात. त्याआधी दहा मिनिटं टास्क मॅनेजरसमोर बसा. यंत्र रेंगाळत असतानाच ते उघडायचं, ठीक चालत असताना बघून काही हाती लागत नाही. प्रोसेसेसमध्ये वरती चार आकडे असतात: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. ज्या आकड्याचा रंग गडद, तिथे गर्दी. त्या शीर्षकावर क्लिक केलं की खादाड प्रोग्रॅम वर येतो.

डिस्क १०० टक्के. जुन्या यंत्रांचं हे नेहमीचं दुखणं. डावीकडे परफॉर्मन्समध्ये डिस्कच्या नावाखाली एसएसडी किंवा एचडीडी लिहिलेलं असतं. एचडीडी असेल तर आत तबकडी फिरतेय. लॅपटॉपमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. विंडोजला मात्र एका क्षणात शेकडो बारीक फायली वेगवेगळ्या जागांहून हव्या असतात, आणि दर वेळी सुईला तिथे पोचून तबकडी फिरून येण्याची वाट बघावी लागते. म्हणून गंमत बघा, डिस्क १०० टक्के व्यस्त असते आणि शेजारी वेग दिसतो सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. ती आळशी नाही, धावून धावून दमलेली आहे. याला कुठलीही सेटिंग बदलून फारसा फरक पडत नाही. एसएसडी बसवा. मी जे जे यंत्र फेकायला निघालेलं पाहिलं, त्यातली बरीच एवढ्या एका बदलानं आणखी काही वर्षं चालली.

एसएसडी असूनही डिस्क सतत १०० टक्के असेल तर ती काठोकाठ भरली आहे का ते पाहा, नाहीतर तिची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन गुड, कॉशन किंवा बॅड असं स्पष्ट सांगतं. कॉशन आलं तर त्या घडीला बाकी सगळं सोडून फायली बाहेर काढा. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर दुरुस्तीचे लांबलचक स्कॅन चालवू नका, उरलासुरला जीव त्यातच जातो.

मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर. रॅम भरली की विंडोज आतलं सामान डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. त्यामुळे मेमरी कमी असली तरी डिस्कचा आकडाही चढलेला दिसतो आणि दोष भलत्यालाच लागतो. ब्राउझरचे टॅब मोजा, लाजू नका. मेमरीच्या पानावर स्लॉट्स युज्ड लिहिलेलं असतं. दोनपैकी एकच वापरात असेल तर रॅम वाढवायला जागा आहे.

सीपीयू चढलेला. नाव वाचा. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर असेल तर अपडेटचं काम चाललंय, थांबा. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल म्हणजे विंडोजचाच पहारेकरी, तपासणी संपली की शांत होतो. डिटेल्समध्ये सिस्टम आयडल प्रोसेस ९५ दाखवत असेल तर घाबरू नका, सीपीयू किती मोकळा बसलाय याचा तो आकडा. तो बंद करायची धडपड मीही एकदा केली आहे.

चारही आकडे कमी आणि तरी यंत्र जड? मग सीपीयूच्या पानावर चालू वेग आणि खालचा बेस स्पीड यांची तुलना करा. माझ्या एका लॅपटॉपवर बेस २.३ गिगाहर्ट्झ आणि चालू वेग ०.७८ वर खिळलेला होता, काहीही केलं तरी. पिन सैल झाल्यामुळे लॅपटॉपला चार्जर ओळखताच येत नव्हता आणि त्यानं वेग आवळून धरला होता. दुसरं कारण उष्णता: जाळीत धूळ कोंबली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला हळू होतो. तिसरं अगदी साधं, बॅटरी सेव्हर चालू राहिलेला.

सुरू व्हायलाच वेळ लागत असेल तर टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप अ‍ॅप्स उघडा, इम्पॅक्टनुसार लावा आणि नको ते डिसेबल करा. गप्पांची, गाण्यांची, गेमची अ‍ॅप्स बिनधास्त. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरसची नावं सोडा. डिसेबल केल्यानं अ‍ॅप पुसलं जात नाही, फक्त आपोआप उठत नाही.

७. यांच्या वाटेला जाऊ नका

रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारी आणि 'एका क्लिकमध्ये वेग दुप्पट' म्हणणारी सॉफ्टवेअरं. रजिस्ट्रीतल्या चार जुन्या नोंदींनी यंत्र हळू होत नाही, चुकीची नोंद उडाली तर मात्र बसतं. ड्रायव्हर अपडेटर म्हणून मिरवणाऱ्यांचंही तेच. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांनाच तपासत बसतात.

पडदाभर लाल इशारा, भोंगा आणि 'या क्रमांकावर फोन करा'? ते सरळ फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर संदेशात फोन नंबर कधीच नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, झालं.

अपडेट कायमची बंद करून टाकायचा मोह होतो, मलाही झाला होता. त्यापेक्षा अ‍ॅक्टिव्ह अवर्स लावा, म्हणजे कामाच्या वेळेत यंत्र स्वतःहून रिस्टार्ट होणार नाही.

८. काहीच चाललं नाही तर

आधी दुरुस्तीचं इन्स्टॉल. विंडोज सुरू होत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन पेनड्राइव्ह बनवा. त्यावरचं सेटअप विंडोज चालू असतानाच उघडा आणि फायली व अ‍ॅप्स ठेवायचा पर्याय निवडा. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं तर हा पर्याय मिळत नाही, इथे पुष्कळ जण फसतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत रिकव्हरीमध्येच विंडोज अपडेटमधून पुन्हा इन्स्टॉल करायचं बटण आहे, तिथे पेनड्राइव्हही लागत नाही.

त्यानंतरच रिसेट धिस पीसी. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी तुम्ही टाकलेले प्रोग्रॅम जातात, त्यांची यादी आणि लायसन्सचे क्रमांक आधी लिहून काढा. बाहेरच्या डिस्कवरची प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा, निदान दोन-चार फोटो आणि एखादी कागदपत्राची फाइल. मग डिस्क काढून बाजूला ठेवा, चार्जर लावा आणि रिसेट सुरू करा. ३० टक्क्यांवर बराच वेळ थांबलं तर दिवा बघा.